रँडम मॅप की तयार मॅप? स्ट्रॅटेजी गेम सुरू करण्याआधी नकाशा कसा निवडावा

स्ट्रॅटेजी गेमच्या लॉबीत (सामना सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) सिव्हिलायझेशन, म्हणजे कोणतं राज्य किंवा संस्कृती घेऊन खेळायचं ते, निवडायला आपण भरपूर वेळ घेतो आणि मॅपच्या रकान्याकडे बघतही नाही. होस्टने जे ठेवलं असेल ते चालेल म्हणतो आणि 'रेडी' दाबतो. पण गेम अर्ध्या तासात संपणार की मध्यरात्रीपर्यंत रेंगाळणार, घोडदळ चालणार की आरमार लागणार, नव्या मित्राला गोडी लागणार की तो पहिल्याच हल्ल्यात वैतागून उठणार, हे बरंचसं त्याच रकान्यात ठरतं.

इथे मुख्य उदाहरण 'एज ऑफ एम्पायर्स २'चं घेतलं आहे. १९९९ साली आलेला हा गेम सायबर कॅफेत आणि हॉस्टेलच्या लॅनवर खेळलेले लोक आपल्याकडे भरपूर आहेत, आणि २०१९च्या डेफिनिटिव्ह एडिशनमुळे त्यातले बरेच जण परत आले आहेत. शिवाय रँडम मॅपचा इतका नीट विचार केलेले गेम थोडेच आहेत.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. तयार मॅपवर, म्हणजे कुणीतरी आधीच बनवून ठेवलेल्या नकाशावर, जमीन दोघांनाही पाठ असते, त्यामुळे सगळी झुंज समोरच्याच्या डोक्याशी होते. रँडम मॅप कॉम्प्युटर दर वेळी नव्याने बनवतो, त्यामुळे तिथे आधी जमीन समजून घ्यावी लागते, तीही घड्याळ चालू असताना. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. ज्यात तुम्ही कच्चे आहात, त्या कौशल्याचा मॅप निवडा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच विचारातून आल्या आहेत.

पायरी १ : तुमच्या गेममध्ये 'रँडम' म्हणजे नक्की किती रँडम, ते तपासा

पूर्ण रँडम आणि पूर्ण तयार ही दोन टोकं झाली. बहुतेक गेम त्यांच्या मधे कुठेतरी असतात.

'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये 'अरेबिया' निवडला की दर वेळी नवा नकाशा तयार होतो, पण नियम तेच राहतात. मोकळं मैदान, अधूनमधून टेकड्या, तुकड्यातुकड्यांचं जंगल, आणि प्रत्येकाच्या टाउन सेंटरच्या (मुख्य इमारतीच्या) आसपास मेंढ्या, दोन रानडुकरं, बेरीची झुडपं, सोनं, दगड. काय मिळणार ते ठरलेलं असतं. कुठे मिळणार ते दैवावर. या मॅपमागे साध्या मजकुराची एक स्क्रिप्ट असते. अमुक वस्तू खेळाडूपासून किमान इतकी आणि कमाल इतकी लांब ठेव, अशा सूचना तिच्यात असतात. म्हणून अरेबियावर 'नशीब खराब' म्हणायला जागा असली तरी ती मर्यादित आहे. २०००च्या 'द कॉन्करर्स' विस्तारात इटली, टेक्सास असे खऱ्या भूगोलावर बेतलेले मॅपही आले. त्यांच्यात जमिनीचा आकार कायम असतो, म्हणजे हा मधलाच प्रकार.

'स्टारक्राफ्ट' (१९९८) दुसऱ्या बाजूला उभा आहे. तिथले स्पर्धेचे मॅप माणसाने हाताने घडवलेले असतात आणि खेळाडूंना इंच न् इंच माहीत असतो. तरीही चार जागांच्या मॅपवर दोघं खेळत असतील, तर समोरचा उरलेल्या तीनपैकी कुठे आहे हे शोधावंच लागतं. तयार मॅपमध्येही एवढं अनिश्चित शिल्लक राहतं.

'एक्सकॉम २'ने (२०१६) तिसरी वाट धरली. घरं, रस्ते, गच्च्या असे हाताने बनवलेले तुकडे घ्यायचे आणि प्रत्येक मोहिमेला ते वेगळ्या मांडणीत जोडायचे. आधीच्या २०१२च्या भागात तयार मॅप होते आणि काही काळाने तेच ते ठिकाण पुन्हा समोर येऊ लागायचं. नवी पद्धत त्यावरचा उपाय होती.

हा फरक मेनूतच सगळ्यात स्वच्छ दाखवणारा गेम म्हणजे 'झिरो ए. डी.'. तो पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोताचा आहे आणि त्यात मौर्यही आहेत. तिथे मॅपचे तीन मुख्य प्रकार दिसतात. 'रँडम'मध्ये सगळं नव्याने तयार होतं. 'स्कर्मिश'मध्ये जमीन ठरलेली, पण सिव्हिलायझेशन तुम्ही निवडता. 'सिनेरिओ'मध्ये जमीन आणि खेळाडू दोन्ही ठरलेले. पैसे न घालता हा फरक अनुभवायचा असेल तर इथूनच सुरुवात करा.

पायरी २ : खऱ्या भूगोलाचा मोह असेल तर आधी त्याचा निकाल लावा

काही गेम आपण जागेसाठीच खेळतो. 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये (२००९) मराठा राज्य खेळायला मिळतं. तो डोलारा रँडम जमिनीवर उभा केला तर कशाला खेळायचं? 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो. दख्खनमध्ये बहामनी, दक्षिणेला विजयनगर, हे दृश्य समोर आलं की आपल्या मनातला इतिहासच कामाला लागतो. अशा गेममध्ये तयार मॅप घ्या, फार विचार करू नका.

'युरोपा युनिव्हर्सालिस ४'च्याच २०१४च्या 'कॉन्क्वेस्ट ऑफ पॅराडाइज' विस्तारात मात्र फार मार्मिक गोष्ट केली आहे. जुनं जग जसंच्या तसं ठेवून अमेरिका रँडम करता येते. पंधराव्या शतकातल्या दर्यावर्दींना पलीकडे काय आहे ते माहीत नव्हतं, आणि आपल्याला ते शाळेपासून माहीत आहे. शोधाचा थरार परत आणायचा तर तेवढाच भाग बदलायला हवा होता. कुठे रँडम शोभतं आणि कुठे नाही, याचं इतकं चांगलं उत्तर मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

खऱ्या भूगोलात एक अडचण असते: तो न्याय्य नसतो. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये प्रत्येकाला त्याच्या खऱ्या ठिकाणी बसवणारा पृथ्वीचा मॅप आहे. युरोपातली सिव्हिलायझेशन्स जास्त असली की तिथे दुसरं शहर वसवायला जागा उरत नाही, आणि दुसरीकडे कुणाला अख्खा खंड मोकळा मिळतो. एकट्याने खेळायला झकास, मित्रांशी पैज लावून खेळायला अजिबात नाही.

पायरी ३ : सोबत कोण आहे आणि वेळ किती आहे

बरोबरीच्या दोघांना हार-जीतच बघायची असेल तर आरशासारखा सम असलेला तयार मॅप घ्या. हरलेल्याला जमिनीकडे बोट दाखवता येत नाही.

गटात कुणी नवीन असेल तर अरेबिया लावू नका. तिथे सुरुवातीच्या काही मिनिटांतच हल्ला येऊ शकतो आणि बिचाऱ्याचे व्हिलेजर (अन्न-लाकूड गोळा करणारी माणसं) मरतात. त्याऐवजी 'अरीना' लावा. प्रत्येक जण दगडी भिंतीच्या आत सुरुवात करतो, शिकायला उसंत मिळते. 'ब्लॅक फॉरेस्ट'वर दाट जंगल आणि अरुंद वाटा असतात, चार-चारच्या टीम करून खेळायला मजा येते, पण तो गेम लांबतो. उद्या ऑफिस असेल तर विचार करून ठेवा. 'नोमॅड'वर टाउन सेंटरच नसतं, तीन व्हिलेजर विखुरलेले असतात आणि जागा स्वतः शोधायची असते. जमीन वाचायची सगळ्यात कडक परीक्षा हीच, म्हणून नवख्यासाठी ती शेवटी ठेवा.

कॉम्प्युटरविरुद्ध एकटे खेळणार असाल तर रँडमकडे झुका. तयार मॅपवर एआय, म्हणजे कॉम्प्युटरचा खेळाडू, कुठून येतो आणि कधी येतो ते लवकरच कळतं. त्यानंतर तुम्ही एआयला हरवत नसता, त्याच्या सवयीला हरवत असता. पाणी जास्त असलेले मॅप मात्र जपून घ्या. जमिनीवर दमदार वाटणारा एआय बेटांवर बऱ्याचदा गोंधळतो आणि सामना फिका पडतो.

पायरी ४ : रँडम ठरला, तर सेटिंग्ज डोळे झाकून सोडू नका

आकार खेळाडूंच्या संख्येप्रमाणे ठेवा. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये दोघांसाठीचा मॅप १२० बाय १२० टाइलचा (चौकोनी घरांचा) असतो, चौघांसाठीचा १६८ बाय १६८, आठ जणांचा २२० बाय २२०. दोघं जण आठ जणांच्या मॅपवर खेळले तर निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो.

'सिव्हिलायझेशन ६'मध्ये जगाचं वय, तापमान, पाऊस आणि समुद्राची पातळी बदलता येते. जग 'नवं' ठेवलं की डोंगर-टेकड्या वाढतात. 'पँजिया'वर जवळपास सगळे एकाच भूभागावर असतात, त्यामुळे शेजाऱ्यांशी लवकर गाठ पडते. 'कॉन्टिनेंट्स'वर अर्धं जग तुम्हाला उशिरा कळतं. आरमारी सिव्हिलायझेशन घेऊन पँजिया लावणं म्हणजे तिची निम्मी ताकद लॉबीतच सोडून येणं. सुरुवातीच्या जागेसाठी 'बॅलन्स्ड' हा पर्याय मित्रांबरोबरच्या गेमसाठी ठेवा. 'लेजंडरी' (भरघोस संसाधनांची सुरुवात) एखाद्या वेळी मौज म्हणून ठीक आहे.

इथेच 'मॅप सीड' नावाचा आकडा दिसतो. तोच आकडा आणि बाकी सगळी सेटिंग्जही तीच ठेवली, तर तोच नकाशा पुन्हा तयार होतो. चांगला मॅप लागला की सीड, आकार, मॅपचा प्रकार आणि खेळाडूंची संख्या एकत्र लिहून ठेवा. नुसता सीड लिहिला तर नंतर उपयोग होत नाही.

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'मध्ये रँडम मॅपची सोय 'आर्मागेडन्स ब्लेड' या विस्तारापासून आली. तिथे आकार ३६ बाय ३६ पासून १४४ बाय १४४ पर्यंत जातो, वर भुयारी पातळीही जोडता येते. एका संध्याकाळसाठी ७२ बाय ७२, भुयाराशिवाय, एवढं पुरेसं आहे.

पायरी ५ : पहिल्या काही मिनिटांत जमीन वाचा

रँडम मॅपवर खेळणाऱ्यांमधला खरा फरक इथे पडतो. नाणेफेकीआधी कप्तान खेळपट्टीवर वाकून बघतो, तेच काम इथे स्काउटने, म्हणजे टेहळ्याने, करायचं. अरेबियाचं उदाहरण घेऊन क्रम सांगतो.

बहुतेक सिव्हिलायझेशन्सना सुरुवातीला तीन व्हिलेजर आणि एक स्काउट मिळतो. स्काउटला टाउन सेंटरभोवती गोल फिरवा, मग तोच गोल थोडा मोठा करा. चार मेंढ्या जवळच असतात, आणखी दोन-दोनच्या जोड्या थोड्या लांब. प्रत्येक मेंढीत १०० अन्न, प्रत्येक रानडुकरात ३४०. सगळ्यांचं लक्ष या हिशोबावर असतं आणि तो चुकवू नयेच. पण याच फेरीत पुढचे चार प्रश्न मनात चालू ठेवायला शिका.

मुख्य सोनं कोणत्या बाजूला आहे? सहसा तिथे सात टाइल असतात आणि प्रत्येकीत ८०० सोनं, म्हणजे एकूण ५,६००. ते टाउन सेंटरच्या मागे, शत्रूपासून दूर असेल तर निवांत खेळता येतं. शत्रूच्या दिशेला उघडं पडलं असेल तर तिथले व्हिलेजर सतत धोक्यात राहतील आणि तुमची योजना आत्ताच बदलायला हवी.

लाकूड कसं आहे? दाट, सलग जंगल एका बाजूला भिंतीचं काम करतं. विरळ झाडांच्या तुकड्यांमधून घोडेस्वार सहज आत येतात.

टेकड्या कुठे आहेत? या गेममध्ये वरून खाली मारलं तर नुकसान २५ टक्के जास्त होतं, खालून वर मारलं तर तेवढंच कमी. तुमच्या सोन्याच्या डोक्यावर टेकडी असेल तर तिच्यावर आधी कोण चढतं याला फार महत्त्व आहे. नवे खेळाडू टेकडी बघतच नाहीत. स्क्रीनवर ती सपाट जमिनीसारखीच दिसते.

आणि चौथा, बंद करता येईल का? दोन जंगलांमधली फट किती रुंद आहे, किती ठिकाणी कुंपण घालावं लागेल. दोन-तीन छोट्या फटी असतील तर बंद करून थेट कॅसल एजकडे (गेममधल्या तिसऱ्या युगाकडे) जा. त्याला ८०० अन्न आणि २०० सोनं लागतं. सगळीकडून उघडं असेल तर कुंपणावर लाकूड घालवू नका, फ्युडल एजमध्येच (दुसऱ्या युगातच) हल्ला करून समोरच्याला त्याच्या घरात अडकवून ठेवा.

यानंतर स्काउट शत्रूकडे न्या आणि हेच चार प्रश्न त्याच्या जमिनीबद्दल विचारा. त्याचं सोनं पुढे असेल तर तिरंदाज तिथे पाठवा. त्याच्या लाकूडतोड्यांभोवती मोकळी जागा असेल तर घोडेस्वार. सैन्य कोणतं बनवायचं हे घरून ठरवून आणू नका. फ्युडल एजसाठीचं ५०० अन्न जमेपर्यंत जमीन ते सांगते.

सरावासाठी एक उपाय सुचवतो. अरेबियावर एआयशी गेम सुरू करा, स्काउटिंग पूर्ण झालं की थांबवा आणि कागदावर दोन्ही बाजूंची कमजोर जागा लिहा. मग गेम खेळा आणि रेकॉर्डिंग उघडून, न दिसणारा भाग झाकणाऱ्या धुक्याशिवाय, पूर्ण नकाशा बघा. आपल्याला काय दिसलं नव्हतं ते लगेच समजतं.

'सिव्हिलायझेशन ६'मध्ये वाचन वेगळं असतं. गोड्या पाण्याजवळच्या शहराला सुरुवातीला घरांची मर्यादा (किती लोकसंख्या मावेल ती) ५ मिळते, नुसत्या समुद्रकिनाऱ्यावर ३, दोन्ही नसेल तर २. म्हणून नदी एक-दोन चाली दूर दिसत असेल तर सेटलर (शहर वसवणारी तुकडी) चालवा. मात्र पहिल्या चालीतच 'वाईट जागा' म्हणून निकाल देऊ नका. घोडे दिसायला ॲनिमल हजबंड्री आणि लोखंड दिसायला ब्राँझ वर्किंग शिकावं लागतं.

पायरी ६ : तयार मॅप ठरला, तर तो खरंच सम आहे का ते बघा

हाताने बनवलेला म्हणजे न्याय्य, असं गृहीत धरू नका. 'स्टारक्राफ्ट'चा गाजलेला 'लॉस्ट टेंपल' घ्या. तिथे दुसऱ्या तळाच्या जागेला लागून कडा होते. टेरन (गेममधली मानवांची बाजू) घेतलेला खेळाडू हवाई वाहनातून त्या कड्यावर टँक उतरवायचा आणि खालचा तळ झोडपायचा. चारही जागा सारख्या नव्हत्या. मॅप जगभर खेळला गेला, आवडला, तरी ही खोड त्यात होतीच.

त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेला मॅप मित्रांसमोर लावण्याआधी एकट्याने उघडा. पूर्ण नकाशा दिसेल असं सेटिंग ठेवा. प्रत्येक सुरुवातीच्या जागेजवळ सोनं-दगड मोजा. एक घोडेस्वार एका तळापासून दुसऱ्यापर्यंत चालवा, मग उलट. वाट एकच आहे की दोन, ते बघा. एकच अरुंद वाट असेल तर गेम तिथेच अडतो. एआयही खेळणार असेल तर त्याला थोडा वेळ मोकळं सोडून बघा. विचित्र आकाराच्या मॅपवर तो नुसता बसून राहण्याची शक्यता असते.

एवढं करूनही शंका असेल तर दोन गेम खेळा, दुसऱ्यात जागा बदलून.

तयार मॅपवर फार दिवस राहिल्याचा तोटाही ओळखून ठेवा. बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचं त्याचा क्रम) हाताला बसते, ही चांगली गोष्ट. पण बेरी नेहमीच्या जागी नसल्या की गोंधळ उडत असेल, तर तुम्हाला तो मॅप येतो, गेम अजून यायचा आहे. अशा वेळी काही आठवडे फक्त रँडम खेळा. उलट, रँडमवर प्रत्येक पराभवाचं कारण तुम्हाला नकाशातच सापडत असेल, तर एका तयार मॅपवर जाऊन बसा आणि तिथे हरून बघा. मग कारण आपल्या खेळात शोधावंच लागतं.

पायरी ७ : रिस्टार्टचा नियम आधी ठरवा

हा वाद प्रत्येक ग्रुपमध्ये होतो, आणि गेम सुरू झाल्यावर ठरवायला गेलं तर मैत्रीत कटुता येते. लॉबीतच बोलून घ्या. मुख्य सोनं मिळण्याजोगं नसेल किंवा कुणाची सुरुवात उघडउघड मोडलेली असेल, तरच रिस्टार्ट. तेही पहिल्या तीन मिनिटांत, सगळ्यांच्या संमतीने, एका बैठकीत एकदाच. 'माझं सोनं पुढे आहे' हे कारण चालणार नाही, कारण तेच तर रँडम मॅपवर खेळायचं असतं.

एकट्याने 'सिव्हिलायझेशन' खेळताना मनासारखी जागा मिळेपर्यंत रिस्टार्ट दाबायची सवय अनेकांना असते. ती मोडा, असं मी आग्रहाने सांगेन. नदी, डोंगर आणि चार चांगली संसाधनं असलेल्या सुरुवातीतून सगळेच जिंकतात. कोरड्या मैदानातून राज्य उभं करायला लागतं तेव्हाच व्यापारी मार्ग, धरणं आणि शेजाऱ्याची जमीन यांची किंमत समजते.

पायरी ८ : दोन्हींचा मेळ घाला

'एज ऑफ एम्पायर्स २'च्या सिनेरिओ एडिटरमध्ये ही सोय आहे आणि ती फार कमी जण वापरतात. एडिटर उघडा, मॅपच्या टॅबमध्ये कोरा मॅप न निवडता 'रँडम मॅप' निवडा, प्रकार आणि आकार ठरवून तयार करा. नकाशा आवडला नाही तर पुन्हा तयार करा. आवडला की दोन्ही बाजूंचं सोनं, दगड, रानडुकरं मोजा आणि जिथे कमी असेल तिथे हाताने भरा. सोन्यावर चढलेली एकतर्फी टेकडी सपाट करा. खेळाडूंची संख्या बरोबर आहे ना आणि विजयाची अट 'कॉन्क्वेस्ट' (समोरच्याचा पूर्ण पाडाव) आहे ना, ते बघून फाइल सेव्ह करा.

निसर्गाने बनवल्यासारखा दिसणारा, पण दोघांनाही सारखा न्याय देणारा मॅप असा तयार होतो. पहिला गेम मात्र तुम्ही खेळू नका; नकाशा तुम्ही पाहिलेला आहे. ग्रुपमधल्या दुसऱ्या दोघांना फाइल द्या, आणि पुढच्या वेळी त्यांच्यातल्या एकाला तुमच्यासाठी मॅप बनवायला सांगा.